शाल-श्रीफळानंतरचा सोमवार

महाराष्ट्रात राज्य सरकारी नोकरीतले बहुतेक जण ५८व्या वर्षी निवृत्त होतात. दोंडाईच्यातल्या शिक्षकाचं घ्या. शाल-श्रीफळ मिळतं, भाषणं होतात. मग सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून जायचं कुठे? स्टेशनवर सुरत-भुसावळच्या गाड्या किती बघणार? पेन्शन येते, पण समोर पोरांचा वर्ग नसतो, आणि तेच जास्त लागतं. घरचीही घडी विस्कटते; स्वयंपाकघरात सूचना सुरू झाल्या की खटके उडतात. दोष कुणाचाच नाही. म्हणून निवृत्तीआधीच नवरा-बायकोनं दिवस कसा घालवायचा ते ठरवावं. ज्येष्ठ नागरिक संघात जावं, भाजीबाजार अंगावर घ्यावा. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइनही आहे.