बुडालेलं जहाज बुडालेलंच राहू दे



समुद्री युद्धाच्या बोर्ड गेमवर मराठीतून चार गोष्टी बोलायची संधी क्वचितच मिळते. म्हणून आज एकच विषय घेतो. आपले दोन खेळाडू एकत्र आले की ज्या वादाला तोंड फुटतं, तोच हा विषय: खेळ इतिहासाला धरून असावा, की दोन्ही बाजूंना जिंकायची सारखी संधी देणारा?

माझं मत आधीच सांगून टाकतो. जहाजाचा वेग, तोफांचा पल्ला, चिलखताची जाडी, माणसांचं कसब या गोष्टी जशा होत्या तशाच पटावर याव्यात. डाव बरोबरीचा व्हावा म्हणून त्यांना हात लावू नये. समतोल साधायच्या जागा वेगळ्या आहेत. कोणाला काय ठाऊक आहे, ही एक. आणि जिंकणं म्हणजे नेमकं काय, ही दुसरी. खेळ रचणाऱ्यानं आपली सगळी बुद्धी तिथे लावावी.

आकड्यांना हात लावला की काय होतं, ते पाहायला मे १९४२ मधला एक पट आठवा. हाशिराजिमाच्या तळावर यामातो या युद्धनौकेवर जपानी आरमाराचे अधिकारी मिडवेच्या मोहिमेचा सराव करत होते. मुख्य पंच होते सरसेनापती यामामोतोंचे चीफ ऑफ स्टाफ उगाकी. डावात अशी वेळ आली की जपानी विमानं मिडवे बेटावर गेलेली असताना बेटावरच्या अमेरिकी विमानांनी जपानी विमानवाहू जहाजांवर हल्ला चढवला. फासे टाकले ओकुमिया या अधिकाऱ्यानं. निकाल लागला नऊ बॉम्ब बसल्याचा, म्हणजे अकागी आणि कागा दोन्ही बुडाल्या. उगाकींनी नवाचे तीन केले. अकागीला किरकोळ इजा, कागा मात्र बुडालेली, असा सुधारित निकाल झाला. आणि पुढच्या मोहिमेचा डाव सुरू झाला तेव्हा कागा पुन्हा पटावर हजर होती. युद्धानंतर जपानी नौदल अधिकारी फुचिदा आणि ओकुमिया या दोघांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकात ही हकिकत आली आहे.

उगाकींच्या बाजूनंही बोलता येतं. सराव पुढच्या मोहिमांचाही करायचा होता आणि जहाजच नसेल तर पुढचा सराव कसा करणार? हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. पण नवाचे तीन करताना फाशानं विचारलेला प्रश्नच पुसला गेला: विमानं दूर असताना जहाजांवर हल्ला झाला तर काय? ४ जून १९४२ च्या सकाळी साडेदहाच्या आत, काही मिनिटांच्या अवधीत, अकागी, कागा आणि सोर्यू पेटल्या. हल्ला बेटावरून आला नव्हता, अमेरिकी विमानवाहू जहाजांवरून आला होता. प्रश्न मात्र तोच होता. चौथी, हिर्यू, त्याच दिवशी दुपारनंतर पेटली.

आपण खेळ रचतो तेव्हा आपल्यालाही उगाकींसारखा मोह होतो. चाचणीच्या डावात एक बाजू सारखी हरते, खेळणारे कुरकुरतात, आणि आपण हरणाऱ्या बाजूच्या क्रूझरला एक गुण जास्त देऊन मोकळे होतो. पुढचा डाव अटीतटीचा होतो, सगळे खूश होतात. पण त्या दिवसापासून ती क्रूझर ती राहत नाही. तिच्या नावाचा पुठ्ठ्याचा तुकडा तेवढा उरतो.

नशिबाच्या फटक्याबद्दलही हेच. २४ मे १९४१ ला डेन्मार्क सामुद्रधुनीत ब्रिटिश युद्धनौका हूडच्या दारूकोठाराचा स्फोट झाला. १,४१८ माणसांपैकी तिघं वाचली. मोठं जहाज एका फटक्यात जाणं अन्यायाचं वाटतं, म्हणून तो नियमच काढून टाका, असं सुचवणारे भेटतात. मी तो ठेवीन. त्याची शक्यता जेवढी होती तेवढीच ठेवीन, आणि मोहीम इतकी लांब करीन की त्या एका फटक्यावर डाव संपू नये. हूड गेल्यावर तीनच दिवसांत तिला बुडवणारी जर्मन युद्धनौका बिस्मार्कही बुडाली. तिचं सुकाणू निकामी झालं ते आर्क रॉयल या ब्रिटिश विमानवाहू जहाजावरून उडालेल्या स्वोर्डफिश विमानाच्या टॉर्पेडोनं, आणि ती विमानं दोन पंखजोड्यांची, कापड चढवलेली होती. हे कोणी कल्पनेनं रचलं असतं तर आपणच त्याला अवास्तव म्हटलं असतं.

आता माहितीचं बघू. मिडवेच्या खेळात सगळ्यात अवघड पात्र म्हणजे खेळाडू, कारण त्याला निकाल ठाऊक असतो. जपानी बाजू घेणारा आजचा खेळाडू र्यूजो आणि जुन्यो ही विमानवाहू जहाजं अल्यूशियन बेटांकडे पाठवणार नाही. यामामोतोंच्या युद्धनौका तो शेकडो मैल मागे ठेवणार नाही. त्या चुका नियमानं त्याच्या गळ्यात मारल्या, तर तो कठपुतळी होतो. मोकळा सोडला, तर खेळाला मिडवे म्हणायचं कशाला? उलट बाजूला अमेरिकी संकेततज्ज्ञ रोशफोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानी संकेतलिपी फोडली होती, आणि शत्रू कुठे येणार हे अमेरिकी सेनापती निमित्झना आधीच कळलं होतं. जहाजांच्या संख्येत नसलेली अमेरिकेची ताकद तिथे होती. ती पटावर आणायची असेल, तर जपानी खेळाडूला अनेक योजनांतून एक गुपचूप निवडायला लावा आणि अमेरिकी खेळाडूला त्या निवडीचा एखादा धागा हाती द्या. अंधार आणि उजेड दोन्ही खरे राहतात, आणि पाठ केलेला इतिहास कोणाच्याच कामाला येत नाही.

हे ज्यांनी सगळ्यात सुंदर रीतीनं साधलं, ते खेळ विकणारे नव्हते. लिव्हरपूलला १९४२ मध्ये गिल्बर्ट रॉबर्ट्स या नौदल अधिकाऱ्यानं रेन्स, म्हणजे नौदलातल्या तरुण मुली, सोबत घेऊन एका मोठ्या खोलीच्या जमिनीवर अटलांटिक महासागर आखला. जहाजांच्या ताफ्याला संरक्षण देणारे कप्तान तिथे प्रशिक्षणाला येत. त्यांना पडद्याआड बसवत आणि पडद्याच्या फटीतून, जहाजाच्या ब्रिजवरून दिसलं असतं तेवढंच दाखवत. त्यांच्या जहाजांचे मार्ग पांढऱ्या खडूनं काढलेले असत. पाणबुडीचे मार्ग अशा रंगाच्या खडूनं काढलेले असत की त्या फटीतून ते नजरेला पडूच नयेत. रेन्स वाकून खडू ओढत आणि पुढची चाल विचारत. विचार करायला वेळही समुद्रावर मिळाला असता तेवढाच. पश्चिमेकडच्या सागरी मार्गांचे प्रमुख अ‍ॅडमिरल हॉर्टन स्वतः मुरलेले पाणबुडीवाले. त्या जमिनीवर ते जर्मन पाणबुडी घेऊन खेळले आणि जॅनेट ओकेल या तरुण मुलीकडून पुन्हा पुन्हा हरले. कोणाच्या पाणबुडीचा वेग वाढवलेला नव्हता, कोणाच्या तोफेचा पल्ला कमी केलेला नव्हता. ती जमीन माझ्या दृष्टीनं आजवर आखलेला सर्वांत न्यायी पट आहे.

दुसरी जागा जिंकण्याच्या अटीची. ३१ मे १९१६, जटलँड. ब्रिटनची १५१ जहाजं, जर्मनीची ९९. ब्रिटिशांची १४ बुडाली, जर्मनांची ११. मेले ब्रिटनचे ६ हजारांहून अधिक, जर्मनीचे अडीच हजारांहून अधिक. बुडालेल्या जहाजांचेच गुण मोजले, तर जर्मनी जिंकली. पण दुसऱ्या दिवशी उत्तर समुद्र कोणाच्या हातात होता हे मोजलं, तर उत्तर उलटं येतं. म्हणून गुण दोन्हींचे हवेत.

जटलँड खेळवणाऱ्यांना एक गोष्ट दिसली असेल. त्या संध्याकाळी टॉर्पेडोच्या भीतीनं ब्रिटिश सेनापती जेलिकोंनी आपला ताफा वळवला आणि जर्मन निसटले. पटावर कोणी वळत नाही. का वळेल? पुठ्ठ्याच्या ताफ्याला उद्या नसतो. जेलिकोंना होता, त्यांचा ताफा बुडाला असता तर ब्रिटन एकाच दुपारी युद्ध हरलं असतं. खेळाडूला दटावून वळवू नका. ब्रिटिश ड्रेडनॉट गमावल्याची किंमत दुप्पट करा. मग पाहा, तोही आपणहून वळेल. जिंकण्याची अट नीट बांधली की माणसं त्या काळातल्या माणसांसारखी वागू लागतात आणि त्यांच्यावर बळजबरी झाली असंही त्यांना वाटत नाही.

अटीतूनच न्याय साधायची आणखी एक रीत आहे. १९७७ च्या ‘व्हिक्टरी इन द पॅसिफिक’ या खेळाचे खेळाडू बाजू निवडताना बोली लावतात: मला हीच बाजू हवी, तिच्यासाठी मी प्रतिस्पर्ध्याला इतके गुण देतो. जहाजाला धक्का न लावता न्याय मिळतो. आपल्या स्पर्धांत ही पद्धत सर्रास यायला हवी.

आता घराकडे येतो, कारण मराठा आरमारावर खेळ रचायला निघालेली मंडळी इथे बसली आहेत आणि मला त्यांची काळजी आहे. १६७९ चं खांदेरी घ्या. मराठ्यांचे मायनाक भंडारी माणसं घेऊन बेटावर उतरतात, तटबंदी सुरू होते, मुंबईचे इंग्रज अडवायला येतात. १८ ऑक्टोबरला पहाटे मराठा सरदार दौलतखानाचं सुमारे ५० गलबतांचं आरमार नागावच्या बाजूनं चाल करून येतं. इंग्रजांची एक गुराब हाती लागते, बाकीची जहाजं पांगतात. एकटी रिव्हेंज फ्रिगेट मध्ये अडकते आणि तोफा चालवत राहते. इंग्रजी वृत्तान्तांप्रमाणे ती काही गलबतं बुडवते आणि मराठे मागे हटतात.

हे शेवटचं वाक्य आपल्या मंडळींच्या पटावर येत नाही. रिव्हेंजच्या तोफा कमी केल्या जातात, गलबतांना नसलेलं बळ दिलं जातं. माझा त्याला विरोध आहे. मराठ्यांच्या बाजूला जे खरं होतं ते पटावर आणा, तेवढं पुरेसं आहे. उथळ पाण्यातून वल्हवत जाणारी हलकी होडी वारा पडला की फ्रिगेटला हाती लागत नाही. ऑक्टोबरात पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा येतो. तेव्हा डावाच्या प्रत्येक फेरीला वेळ आणि वारा असू द्या. थळच्या किनाऱ्यावरून रात्री बेटावर रसद पोचते की नाही, हा खेळाचा कणा करा. मराठा खेळाडूनं किती जहाजं बुडवली हे विचारू नका. बेटावर तटबंदी उभी राहिली का, एवढंच विचारा. इतिहासात ती राहिली आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. आणि १६८० च्या आरंभी शेजारच्या उंदेरी बेटावर मराठ्यांचा वैरी सिद्दी येऊन बसला, तोही पटावर हवा, पूर्ण ताकदीनिशी. समोरच्याला दुबळं दाखवलं, तर दौलतखानाचं काम सोपं होतं असं सांगितल्यासारखं होईल. ते सोपं नव्हतं.

याहून कठीण पट विजयदुर्गचा. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्रातून आले, पेशव्यांची फौज जमिनीवरून आली, आणि बंदरात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. हा खेळ कोणी करत नाही, कारण आपल्याला बाजू निवडता येत नाही. मला वाटतं तो केलाच पाहिजे, आणि तीन खेळाडूंचा केला पाहिजे. इंग्रजांना किल्ला आणि आरमाराचा नाश हवा. तुळाजींना टिकून राहायचं आहे. पेशव्यांच्या खेळाडूला मात्र अट अशी द्या: तुळाजी शरण यायला हवेत आणि जहाजंही शाबूत राहायला हवीत. त्याला इंग्रजांशी दोस्ती ठेवायची आहे आणि त्यांच्या आधी बंदरात पोचायचंही आहे. तोफांचा एकही आकडा न बदलता तिघांनाही खरी संधी मिळते, आणि पेशवे नानासाहेबांपुढचा पेच इतिहासाच्या पानावर वाचून कळत नाही तितका पटावर बसून कळेल.

हा पट कोणी मांडलाच, तर तुळाजींची बाजू घ्यायला पुष्कळ जण पुढे येतील. पेशव्यांच्या खुर्चीत मी बसेन.