हृदयाचे चित्र आणि यंत्राचा अंदाज



एमआरआयच्या नळीत निजलेल्या रोग्यास पुनःपुन्हा श्वास रोखावयास सांगतात. कारण हृदय सतत हलते आणि मोजमाप मात्र संथ चालते. तेव्हा मापे थोडकीच घ्यावीत आणि पूर्वीची हृदयचित्रे पाहून शिकलेल्या गणकयंत्राने उरलेले चित्र पुरे करावे, ही ‘डीप लर्निंग’ची युक्ती. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अशा पद्धतीत एकेक चित्र २३ सहस्रांश सेकंदात सिद्ध झाले.

पण यंत्राने एखादा खरा व्रणच पुसून टाकला तर? म्हणून तेथे पायरीपायरीला यंत्राचा अंदाज मापांशी ताडून पाहतात. जेथे माप आहे तेथे मापच राखतात. उरलेला अंदाज तो अंदाजच. वेगाचे स्वागत आम्ही करतो. मात्र किती मोजले आणि किती अंदाजले, हे डॉक्टरांस ठाऊक असलेच पाहिजे.