दोनच म्हणजे किती?
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)

गणपतीसमोर दारूचा विषय काढतोय म्हणून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. पण आपली मुलं शिक्षणाला, नोकरीला बाहेरगावी गेलीत आणि हा विषय आपण घरात काढत नाही, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. आम्हा दोघांपैकी एकाने आयुष्यभर बँकेत हिशोब लिहिले, दुसरीने महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. तरीही आमच्याच घरातलं एक माप आम्हाला कळलं नव्हतं.

गेल्या वर्षी आमचा मुलगा गौरी-गणपतीला पुण्याहून घरी आला होता. रात्री जेवताना धीर करून विचारलं, "पार्टीत किती घेतोस रे?" तो म्हणाला, "दोनच, आई." आम्ही म्हटलं, "दोनच म्हणजे किती?" त्याला राग आला. पुढे जेवण मुकाट्याने झालं. तो खोटं बोलतोय, असं आम्ही धरून चाललो होतो.

तो परत गेल्यावर आम्ही या विषयावर वाचायला लागलो. तेव्हा कळलं, की संशोधकांनाही हाच प्रश्न छळतो. तरुणांना दुसऱ्या दिवशी विचारलं, तर जास्त झालेल्या रात्रीचा नेमका आकडाच आठवत नाही. आणि आकडा आठवला, तरी ग्लास केवढा होता हे त्यात येत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये लोझान आणि झ्युरिक या दोन शहरांत २०१४ साली यावर एक वेगळा प्रयोग झाला. तिथे बिअर आणि वाइन १६ व्या वर्षापासून विकत घेता येते, कडक मद्य १८ व्या वर्षापासून. १६ ते २५ वयाच्या दोनशेहून अधिक तरुणांनी आपल्या स्मार्टफोनवर एक ॲप घेतलं. शुक्रवारी-शनिवारी रात्री नवा ग्लास हातात आला की त्याचा फोटो काढायचा. काय आहे, केवढं आहे, सोबत कोण आहे, हे तिथल्या तिथे नोंदवायचं. नंतर दुसऱ्या लोकांनी ते फोटो पाहून पेय कोणतं आणि माप किती, याचा स्वतंत्र अंदाज केला. म्हणजे पिणाऱ्याचा शब्द आणि फोटो शेजारी ठेवून ताडता आले.

याची गरज का, ते साध्या गणिताने कळेल. अल्कोहोल पाण्याहून हलकं. १ मिलीलिटरचं वजन साधारण ०.७९ ग्रॅम. झ्युरिककडे बिअरचा नेहमीचा ग्लास ३०० मिलीलिटरचा, मोठा ५०० चा. ५ टक्क्यांची बिअर धरली, तर पहिल्यात सुमारे १२ ग्रॅम अल्कोहोल, दुसऱ्यात २०. आता आपल्याकडे या. ३३० मिलीलिटरची ५ टक्क्यांची बाटली म्हणजे १३ ग्रॅम. ६५० ची ८ टक्क्यांची स्ट्राँग बाटली म्हणजे ४१ ग्रॅम. दोघेही प्रामाणिकपणे सांगणार, "एक बिअर घेतली." जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासणी-प्रश्नावलीत मात्र 'एक' म्हणजे सुमारे १० ग्रॅम.

फोटोने सगळं कळतं असं नाही. कोल्ड्रिंकमध्ये किती मिसळलंय ते दिसत नाही. स्टीलच्या पेल्यात काहीच दिसत नाही. अर्धा ग्लास तसाच ठेवला की मित्राला दिला, तेही कळत नाही. आणि रात्र चढत गेली की फोटो काढायचाच राहून जातो. पण त्या मुलांनी फोटो स्वखुशीने काढले होते. आईबापांनी "दर ग्लासाचा फोटो पाठव" म्हटलं असतं, तर पहिल्या लिंबू-सरबताचा तेवढा आला असता!

दिवाळीत मुलगा आला, तेव्हा आम्ही हे सगळं त्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि उलट विचारलं, "बाबा, तुमचा एक म्हणजे किती?" आमच्या घरी दर रविवारी बाबांचा एक 'छोटा पेग' असतो. छोटा म्हणजे ३० मिलीलिटर, हे सगळ्यांना पाठ. तो म्हणाला, "नेहमीच्या ग्लासात नेहमीसारखं पाणी ओता." ओतलं. मग ते स्वयंपाकघरातल्या मापाच्या भांड्यात घातलं. ९० मिलीलिटर भरलं. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीत त्याचे होतात ३० ग्रॅम. आम्ही धरत होतो १०. रक्तदाबाची गोळी देणाऱ्या डॉक्टरांना इतकी वर्षं "आठवड्याला एक छोटा" असं सांगत आलो होतो. त्यांना फसवायचा हेतू नव्हता. पण औषध चाललं होतं ते चुकीच्या हिशोबावर. पुढच्या भेटीत खरा आकडा सांगितला. ते बोलले, आणि बरंच बोलले.

त्या रात्री आम्ही मुलाची माफी मागितली. पुण्याला गेल्यावर तो आपले फोटो आपणच काढायला लागला. ते आम्हाला पाठवत नाही, आम्ही मागत नाही. एकदा फोनवर स्वतःहून म्हणाला, "आई, सकाळी पाहिलं तर तीन फोटो होते. मला दोनच आठवत होते." आम्ही फक्त "बरं" म्हणालो. पुढचं त्याने त्याचं ठरवलंय.

यातून पिण्याला परवानगी मिळते, असं कृपया समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय, की दारूचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही. जी मुलं घेत नाहीत, त्यांनी न घेणंच उत्तम. पण जी घेतात त्यांच्याशी बोलायचं, तर आधी आपल्या घरातलं माप मोजा. पाणी ओतून बघा, पाच मिनिटं लागतात. डॉक्टरांना खरा आकडा सांगा. आणि मुलाने फोन उघडून काही दाखवलं, तर लगेच ओरडू नका. त्याने तो आपणहून उघडलाय.

गणपती बाप्पा मोरया!