आपलें राष्ट्रीयत्व
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं परमेश्वराचे आभार मानीत असतां आम्हांस एक जुना प्रश्न आठवतो. कांहीं वर्षांपूर्वीं एका कचेरींत आमचें नांव ऐकून कारकुनानें विचारलें, "फादर, आपण मूळचे कोणत्या देशचे?" आम्ही म्हणालों, "याच वसईचे. आमच्या आज्याची केळीची वाडी अद्याप येथेंच आहे." तो गृहस्थ खजील झाला, परंतु प्रश्न आमच्या मनांतून गेला नाहीं. वसईंतील पोर्तुगीज अंमल १७३९ सालींच संपला. आडनांवें मात्र राहिलीं. आडनांवावरून राष्ट्रीयत्व ठरवावयाचें काय?

आमच्या वडीलधाऱ्यांनीं घटना समितींत याचें उत्तर दिलेलें आहे. ऑगस्ट १९४७ मध्यें ख्रिस्ती समाजासाठीं मध्यवर्ती कायदेमंडळांत, तसेंच मुंबई व मद्रास प्रांतांत, राखीव जागा ठेवण्याचें मान्य झालें होतें. पुढें मे १९४९ मध्यें धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हां समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी व येशूसंघीय फादर जेरोम डिसोझा या ख्रिस्ती सभासदांनीं त्यास पाठिंबा दिला. हातीं आलेलें संरक्षण सोडून शेजाऱ्याच्या न्यायबुद्धीवर विसंबणें, ही लहान गोष्ट नव्हे.

जागा सोडल्या, सदसद्विवेकाचें स्वातंत्र्य मात्र सोडलें नाहीं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीति व आरोग्य यांस बाध न आणतां धर्म मानण्याचें, आचरण्याचें व त्याचा प्रसार करण्याचें स्वातंत्र्य घटनेच्या २५ व्या कलमानें दिलें आहे. तें केवळ आपणांस नव्हे, तर सर्व व्यक्तींस दिलें आहे, हें ध्यानांत असूं द्यावें. लोकशाही म्हणजे नुसतें बहुमताचें राज्य नव्हे. बहुमतानेंही जेथें थांबावें, अशी सीमा तींत आंखलेली असते. ज्या राष्ट्राचें ऐक्य एकाच धर्मावर उभारलें जातें, तेथें परक्यांची यादी कधीं संपत नाहीं. समान नागरिकत्वावर उभारलेल्या राष्ट्रांत कोणासही आपलें मूळ सिद्ध करीत बसावें लागत नाहीं.

पूर्वजांचा तो विश्वास कधीं कधीं दुखावला जातो, हें आम्ही जाणतों. तथापि त्यावर उपाय एकच: आपणही तो विश्वास पाळावा. दुसऱ्याच्या मंदिरास वा मशिदीस अन्यायानें अडथळा झाला असतां, "आपलें काय गेलें?" म्हणून आपण स्वस्थ बसलों, तर आपलाच हक्क आपण आपल्या हातानें खोडूं. मतदानाचें कर्तव्य चुकवूं नका. शेजाऱ्याच्या सुखदुःखांत उभे राहा. कोणी मूळ विचारल्यास न रागावतां आपली वाडी दाखवा.

परमेश्वर आपल्या देशास न्याय व शांति देवो, आणि आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.