पंप खोलण्याआधी प्रेशर बघा

सोयाबीन निघालं की नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या रस्त्यानं लातूरच्या मार्केट यार्डाकडे भरलेल्या ट्रकची रीघ लागते. वाटेत बालाघाटचा चढ आहे. तिथं गाडी ओढीनाशी झाली की गॅरेजमध्ये पहिला संशय डिझेलच्या मुख्य पंपावर जातो. पंप उतरतो, कॅलिब्रेशनला जातो आणि ऐन हंगामात गाडी उभी राहते. पुष्कळदा पंपात काहीच बिघाड नसतो, त्याला पुरेसं डिझेलच पोचत नसतं. म्हणून पंपाला पाना लावण्याआधी डिझेल किती दाबानं येतंय, ते मोजायला हवं.

टाकीतलं डिझेल फीड पंप ओढतो आणि फिल्टरमधून मुख्य पंपाकडे ढकलतो. जुन्या लाईन पंपांच्या गाड्यांत हा दाब साधारण एक ते अडीच बार असतो. नेमका आकडा आपल्या इंजिनाच्या सर्व्हिस पुस्तकातला धरावा. फिल्टर चोक झाला की दाब उतरतो. मुख्य पंपाच्या आतल्या प्लंजरना वंगण डिझेलचंच मिळतं. त्यामुळे कमी डिझेलवर ओढत नेलेली गाडी आज नुसती दमते, पण पुढे तिचा चांगला पंपही झिजतो. हे नुकसान अगदी टाळता येण्यासारखं आहे, म्हणूनच त्याचं मला फार वाईट वाटतं.

हा दाब मोजणारं मीटर बसवायची जागा महत्त्वाची. ते फिल्टरनंतर आणि पंपाच्या आधी असावं, म्हणजे फिल्टरची खबर मिळते. इंजिन गार झाल्यावर तो भाग आधी पुसून स्वच्छ करा. तिथला बँजो बोल्ट काढून वर आट्याचं भोक असलेला बोल्ट लावा. तांब्याचे वायसर नवेच घ्या. पांढरी टेप गुंडाळू नका. तिचे धागे सुटून पंपात जातात. मीटरकडे जाणारा पाइप डिझेलला टिकणारा हवा आणि तो सायलेन्सरपासून लांब न्यावा. फीड पंपाच्या ठोक्यांनी काटा थरथरतो, म्हणून मध्ये बारीक भोकाचा अडसर बसवावा. डिझेलची नळी मात्र कॅबिनमध्ये कधीही आणू नका. ती फुटली तर ड्रायव्हरच्या अंगावर डिझेल येईल आणि आगीचा धोका आहे. कॅबिनमध्ये काटा हवा असेल तर बाहेर विजेचा सेंडर बसवून आत फक्त वायर घ्या. शेवटी हातपंप मारून एअर काढा, गाडी चालू करा आणि प्रत्येक जोड तपासा.

एक गोष्ट बजावून सांगतो. 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 हे प्रदूषणाचं मानक लागू झालं. त्या नव्या ट्रकमध्ये कॉमन रेल असते आणि रेलमध्ये दीड हजार बारच्याही वर दाब जातो. तिथं असलं मीटर लावायचं नाही, चालू इंजिनावर रेलचा जोड सैल करायचा नाही, गळती हातानं चाचपायची नाही. सुईसारखी धार कातडी भेदून आत शिरते. वर जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठा. या गाड्यांचा रेलमधला दाब स्कॅनरवर दिसतो, तिथंच पाहा.

आता काटा कसा वाचायचा? उभ्या गाडीवर तो ठीक दिसतो, पण चढाला पूर्ण लोडवर खाली येतो, तर आधी फिल्टर बदला. नव्या फिल्टरनंही फरक पडला नाही, तर टाकीतली जाळी आणि फीड पंप तपासा. काटा सारखा नाचत असेल तर टाकी ते फीड पंप ही लाईन बघा. तिथं दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे फटीतून डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. जोड कोरडा दिसतो म्हणून मेस्त्री तो सोडून पुढे जातात. पुस्तकाइतका दाब चढालाही टिकला आणि तरी गाडी ओढत नसेल, तेव्हा पंप आणि नोजलकडे वळा.

नवा फिल्टर टाकल्यावर लोडवरचा आकडा तारखेसह लिहून ठेवा आणि ती चिठ्ठी गाडीच्या कागदांतच ठेवा, म्हणजे ड्रायव्हर बदलला तरी नव्या माणसाला ती सापडेल.