साडेसहाशे शब्द



मी गोदीत ओझी उचलणारा, मॅट्रिक झालेला माणूस. कॉलेजच्या अर्जावर मी काय बोलणार? पण वजनाचं मला कळतं. किती टन उचलायचं ते क्रेनवर रंगवलेलं असतं. जास्त घातलं की दोर तुटतो, नि खाली आपलाच माणूस असतो.

आपल्या वस्तीतल्या एका पोरीनं अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी निबंध लिहिला. तिथली शेकडो कॉलेजं ‘कॉमन ॲप’ हा एकच अर्ज घेतात. निबंध किमान 250, जास्तीत जास्त 650 शब्दांचा. एक शब्द वर गेला तरी फॉर्म घेत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाचं निराळं: 8 प्रश्नांतले 4 निवडा, प्रत्येकी 350. पोरीचे झाले 1100. म्हणाली, दादा, हजारो वर्षांचा जुलूम साडेसहाशेत कसा बसवू?

म्हटलं, बसवूच नकोस. 1927 चं चवदार तळं त्यांना पुस्तकात सापडेल. पहाटे चारला नळाच्या रांगेत उभं राहून तू भूमिती सोडवलीस, ते कुठल्या पुस्तकात आहे? चारशे शब्द तिथंच गळाले. मग ‘लहानपणापासून ज्ञानाची ओढ’ वगैरे साली शोभेची वाक्यं उडवली. ‘गरीब असूनही’ मीच खोडलं. गरिबीची माफी कशाला मागायची?

तिकडं पैसेवाल्यांची पोरं निबंधाला पगारी माणसं लावतात. आपण एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवू. जीभ अडखळेल तिथं कात्री.

पोरीचा निबंध 641 वर थांबला. उरलेल्या नऊ शब्दांत मी एक कवितेची ओळ घुसवायला गेलो, तर तिनं माझा हातच धरला.