वाटीभर दूध आणि सापाचं आयुष्य

मी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबचा, सध्या पुण्यात कोड लिहितो. परवा ऑफिसमधल्या मित्राने विचारलं, "बॉल पायथन पाळला तर किती वर्षं जगतो रे?" उत्तर शोधायला बसलो आणि आठवला तो आमच्या दारातला नाग.

मी सात-आठ वर्षांचा असेन. नागपंचमीला गारुडी आला. आजी म्हणाली, "पाज बाप्पा दूध, पुन्य लागते." मी वाटी धरली, नाग प्यायला. काय आनंद झाला होता मला!

आता कळतं, तो तहानेने प्यायला. सणाआधी या नागांना कित्येक दिवस उपाशी-तहानलेलं ठेवतात. दात उपटलेले, कधी तोंडही शिवलेलं. अशा सापापुढे जे ओलं ठेवाल ते तो पितो. पण साप सस्तन प्राणी नाही, दूध त्याला पचत नाही. फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. तोंडातली जखम चिघळते, शिकार गिळता येत नाही. असा नाग फार जगत नाही.

आता दुसरी बाजू बघा. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात एका बॉल पायथन मादीने २०२० मध्ये अंडी घातली. तेव्हा तिचं वय निदान ६२ असावं, असा तिथला अंदाज. घरी नीट सांभाळलेला बॉल पायथनही २०-३० वर्षं जगतो.

फरक कशाने पडतो? पहिली गोष्ट ऊब. साप बाहेरच्या उष्णतेवर जगतो. पेटी थंड असेल तर गिळलेला उंदीर पोटातच सडतो. दुसरी गोष्ट खाणं. मोठ्या सापाला दोन-तीन आठवड्यांतून एकदा पुरतं. प्रेमापोटी जास्त भरवलं तर चरबी साचते, यकृत बिघडतं. बाकी स्वच्छ पाणी, लपायला जागा, आणि सारखं हाताळायचं नाही.

मित्राला म्हटलं, "तीस वर्षांची जबाबदारी घेशील? आणि विदेशी सापाचीही सरकारी नोंदणी लागते." नाग-धामण तर घरात ठेवायचेच नाहीत, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

मग कळंबला आईला फोन केला. यंदा कोणी नाग घेऊन आलं तर वनविभागाच्या १९२६ वर कळव, म्हटलं. आई म्हणाली, "अन् आजीले काय सांगू?"

"सांग, वाटी भिंतीवर काढलेल्या नागापुढे ठेव. पुण्य तेवढंच लागते."

भेटू पुढच्या भागात!